हलगीवर कोण होतं

विद्यापीठाच्या युवा महोत्सवांचा इतिहास सांगणारी स्मरणिका या सप्टेंबरमध्ये निघाली. तिच्यात एका पानभर फोटोखाली ओळ आहे : 'सातारा जिल्हा महोत्सवात लोकवाद्यवृंदात हलगी वाजवताना प्रज्ञा बनसोडे.' फोटो खरा आहे. जिल्हा बरोबर आहे. नावही बरोबर आहे. प्रज्ञा बनसोडेने हलगी कधीही वाजवलेली नाही. त्या दिवशीही नाही.

मी तिथे होते. तिच्या डाव्या हाताला, संबळ घेऊन.

फोटो रंगमंचाच्या खालून काढला आहे. प्रज्ञाचा चेहरा वर, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. तिच्या छातीसमोर हलगीचं गोल कडं दिसतं. ते तिच्या पुढे गुडघ्यावर बसलेल्या विक्रम जाधवच्या हातात आहे. त्याने ते बाजूला उंच धरलं आहे, म्हणून त्याचं डोकं चौकटीत आलेलं नाही. प्रज्ञाच्या गळ्यातली ढोलकी त्या कड्याच्या मागे झाकली गेली आहे. ज्याला माहीत नाही त्याला हलगी तिचीच वाटेल. ज्याला माहीत नाही त्याने विचारायचं असतं, हे मी पुढे सांगलीत वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर शिकले.

गणपती गेले की आमच्याकडे महोत्सवाचा मोसम सुरू होतो. कासच्या फुलांना निघालेल्या गाड्या साताऱ्यात अडकून पडतात. सांगलीकडे हळदीची पानं माणसाच्या कमरेला लागतात. सोयाबीन काढायला आलेलं असतं आणि त्याच वेळी नेमका पाऊस परत फिरतो. अशा ओल्या-उन्हाच्या दिवसांत विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांतून, पार्किंगमधून, पाण्याच्या टाकीखालून ढोल, टाळ आणि शिट्ट्या ऐकू येतात. पथनाट्याची पोरं एसटी स्टँडवर तालीम करतात, कारण बघे तिथे आयते मिळतात. मूकनाट्याची पोरं वर्गात बसूनच एकमेकांना तोंडं करतात. आधी जिल्ह्याचा महोत्सव, मग विद्यापीठाचा. हरलेला संघ परतीच्या एसटीत जिंकलेल्यापेक्षा जास्त गातो. ही प्रथा कुणी घालून दिली, ते स्मरणिकेत नाही.

दरवर्षी हा मोसम मी बातमीसाठी बघते. या वर्षी बातमी लिहून झाल्यावर स्मरणिका उघडली आणि ते पान निघालं.

दहाएक वर्षांपूर्वी आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज कृष्णेकाठी, कऱ्हाडच्या बाजूला. मी कवठे महांकाळची, वसतिगृहात राहणारी. प्रज्ञा उंब्रजची. रोज एसटीने यायची, पण तालमीच्या दिवसांत माझ्या खोलीत मुक्काम करायची. गणित तिचा विषय. ढोलकी तिच्या वडिलांची. वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत. एप्रिलभर त्यांचे कार्यक्रम असत. त्या पार्टीत बाई गायला उभी राहायची, वाजवायला बसलेली कुणी पाहिली नव्हती. प्रज्ञा घरात वाजवायची, दार लावून. तिला एकदा ती रंगमंचावर वाजवायची होती. तिला त्या महोत्सवातून एवढंच पाहिजे होतं आणि ते शेवटचं वर्ष होतं.

सांस्कृतिक विभाग निकम सरांकडे होता. सर मराठी शिकवत. पोरांवर त्यांचा जीव होता. तालमीला स्वतःच्या घरून पोहे आणत. लोकवाद्यवृंद हा त्यांचा अभिमानाचा प्रकार, आणि आपला संघ दरवर्षी हलगीनेच सुरू होतो हे ते प्राचार्यांनाही ऐकवत.

पहिल्या दिवशी सरांनी वाद्यं वाटली. वाटण्याची पद्धत साधी होती. नाव विचारायचं, गाव विचारायचं, वाद्य सांगायचं. बिरू नावाचा जतकडचा मुलगा होता. धनगर. त्याला ढोल. गुरवाच्या मुलाला सनई. मुलगी म्हणून मला झांज. विक्रम जाधवला सरांनी नुसतं वरून खालपर्यंत पाहिलं आणि तुतारी दिली. विक्रमच्या गावात घरटी एक जण फौजेत आहे. त्यालाही भरतीच व्हायचं होतं. त्याने ती आडवी धरून फुंकली आणि तिच्यातून म्हशीसारखा आवाज आला.

कुणाला काही खटकलं नाही. गावात जत्रेला जे ज्याच्याकडे असतं, तेच इथेही त्याच्याकडे आलं होतं. हे विद्यापीठ खेड्यांतल्या पोरांसाठी निघालं, असं प्रत्येक भाषणात सांगतात. ते खरं आहे. खेडी आली. येताना वस्त्यांसकट आली.

मग प्रज्ञाचा नंबर आला.

"तू उंब्रजची न्हव का? बनसोडे. हलगी तुझ्याकडं."

"सर, मी ढोलकी वाजवते."

"ढोलकीवाले चार हाईत. गेल्या वर्षीचा हलगीवाला पास हून गेला, दुसऱ्या कुणाला येत न्हाई."

"मलाबी येत न्हाई."

"अगं येती. रक्तात असती ती."

"सर, आपल्या कॅम्पमधी रक्त तपासलं तवा हिमोग्लोबिन कमी निघालं माझं. हलगी काय निघाली न्हाई."

पोरं हसली. सरही हसले. त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी हलगी तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधला. मग ती थट्टा राहिली नाही.

तिच्या आजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घराकडे गावकीची कामं होती. दवंडी द्यायची, जत्रेत आणि वरातीपुढे हलगी वाजवायची, मेलेलं जनावर ओढायचं. हे सगळं एकाच वाट्यात येत होतं. छप्पन्न सालानंतर त्यांनी धम्म घेतला आणि सगळं एकदम सोडलं. हलगीचं कातडं आजोबांनी सुरीने कापून काढलं. कडं राहिलं. ते चांगल्या लाकडाचं होतं म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याच्या तोंडाला बसवलं. प्रज्ञा लहान असताना त्यातून हात घालून अंडी काढायची. हे तिने मला खोलीवर सांगितलं होतं, हसत. गावाने त्या वर्षी जत्रेला बाहेरगावचा वाजवणारा आणला आणि बनसोड्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. हे सांगताना ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "कलेला जात नसती, प्रज्ञा."

"मग काल नाव कशाला विचारलंत, सर?"

बाहेर सोयाबीनची मळणी चालली होती. तिचा भुसा खिडकीतून आत येत होता आणि सगळ्यांच्या केसांवर बसत होता. सर बराच वेळ ढोलाच्या दोऱ्या ताणत राहिले. शेवटी म्हणाले, हलगीशिवाय आपण जात नाही. गेल्या वर्षी गेलो नाही, यंदाही जाणार नाही. वाजवणार असलीस तर संघात ये. नाही तर प्रेक्षकांत बस.

ती उठून गेली नाही. ती म्हणाली, "चिठ्ठ्या टाका."

"कसल्या?"

"वाद्यांच्या. ज्याला जे निघंल ते त्यानं शिकायचं. म्हयना हाय हातात. कलेला जात नसती म्हणालात न्हव?"

सरांना नाही म्हणता येईना. त्यांच्याच आधीच्या वाक्याने त्यांची वाट अडवली होती. त्यांनी अट घातली : मग तुझीही चिठ्ठी त्यातच पडेल.

"पडू दे. पर हलगीची चिठ्ठी वेगळी ठेवा आन् ती काढताना माझं नाव त्यात नको."

"का? तुला येगळा न्याय?"

"व्हय. आमच्या वाट्याचं वाजवून झालंय, सर. कैक पिढ्या आमीच वाजवली. आता बाकीच्यांचा नंबर."

विक्रमच्या हेल्मेटमध्ये तिचं नाव सोडून सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. हलगीची पहिली काढली. ती विक्रमला निघाली.

विक्रमने चिठ्ठी उलटून पाहिली, जणू मागे दुसरं काही लिहिलं असेल. म्हणाला, "तुतारीच बरी होती."

बिरू म्हणाला, "का रं? लग्नात तर लय नाचतोस तिच्यावर."

"नाचणं येगळं."

"काय येगळं?"

विक्रम उत्तर शोधत राहिला. ते त्याला सापडलं असावं, कारण तो खाली बघायला लागला. मग बाकीच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला संबळ. बिरूला सनई, आणि ती बघून तो म्हणाला की आता मेंढरंसुद्धा घर सोडून जातील. गुरवाच्या मुलाला ढोल. प्रज्ञाची ढोलकी चिठ्ठीतून आली, असं सांगायला मला आवडलं असतं. तिला आधी झांज निघाली. ढोलकी एका पोरीला निघाली होती, तिने हात जोडून झांज मागितली आणि सरांनी अदलाबदल मान्य केली. चिठ्ठ्यांच्या न्यायात तेवढी एक फट राहिली. नोंद असावी म्हणून सांगितलं.

तो महिना मला वासांनी आठवतो. ओल्या हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. ते तापवावं लागतं. कागदाचा जाळ करायचा, कडं त्यावर फिरवायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं. आवाज बसका आला तर पुन्हा जाळावर. कॉलेजच्या मागच्या अंगणात आम्ही अंतर्गत परीक्षांच्या जुन्या उत्तरपत्रिका जाळत असू. त्या विल्हेवाटीसाठीच काढून ठेवलेल्या होत्या. तापलेल्या कातड्याचा वास, शाईचा वास, बाजूच्या गुऱ्हाळाची साफसफाई चालली होती तिथली आंबूस मळी, आणि नदीवरून येणारा गाळाचा गारवा. प्रज्ञा लांब पायरीवर बसून बघायची आणि मत द्यायची. "अर्थशास्त्र चांगलं पेटतंय. इतिहासाचा नुसता धूर हाय."

विक्रमचे हात रुंद होते, कुस्तीचे. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. ती काडी त्याच्याकडून रोज मोडायची. मोबाईलवर बघून तो शिकत होता. प्रज्ञा हलगीला हात लावत नव्हती, पण ताल चुकला की ढोलकीवर थाप मारून त्याला थांबवायची. ढोलकीवर वाजवून दाखवायची आणि म्हणायची, हे तुझ्या काडीत आण. कसं आणायचं ते तिला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. दोघांनी मिळून ते कुठून तरी काढलं.

कुणीतरी तालमीचा व्हिडिओ काढला. तो विक्रमच्या गावच्या ग्रुपवर गेला. दोन दिवसांनी त्याचे काका आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले, दारात चपला सरळ रेषेत काढून ठेवणारे. ते ओरडले नाहीत. सरांनी दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "आवं सर, पोरगं वाजवतंय त्याला आमची ना न्हाई. ड्रम द्या की. मिल्ट्रीत बी ड्रम असतोय. ह्ये कशाला?"

सर काही बोलायच्या आत प्रज्ञा बोलली. "काका, ड्रमला बी कातडं आन् ह्याला बी कातडं. फरक काय हाय?"

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कुणाची गं?"

"उंब्रजच्या बनसोड्यांची."

"मग फरक तुला ठावं हाय."

"व्हय. म्हणून तर तुमाला इचारते."

सुभेदारांनी कपबशी खाली ठेवली. विक्रमला म्हणाले, ऊठ, चल. विक्रम उठला. मला वाटलं तो जाणार. तो म्हणाला, "काका, चिठ्ठीत आलीया ती."

"चिठ्ठीत काय बी यील. ते सगळं करशील?"

"तुमाला पोस्टिंग आलं ते तुमी मागून घेतलंवतं का? आलं तितं गेलाच की."

सरांना हसू आवरेना म्हणून ते खिडकीकडे गेले. सुभेदारांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग उठले, सरळ रेषेतल्या चपला घातल्या आणि गेले. होकार दिला नाही. नकारही परत उच्चारला नाही. महोत्सवाला ते आले नाहीत.

महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून ऊन कडक होतं. विक्रमने तरी हलगी तापवली. पडदा उघडला तेव्हा तो गुडघ्यावर बसलेला होता आणि आम्ही मागे. त्याने सुरुवात केली. पहिली दोन आवर्तनं घाईत गेली. तिसऱ्याला प्रज्ञाची ढोलकी आली आणि तिने त्याला धरलं. वेगळा शब्द मला सुचत नाही. पळणाऱ्या माणसाला मागून दंडाला धरावं तसं धरलं आणि लयीत आणलं. तिचे वडील चौथ्या रांगेत होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते. एकाही जागी त्यांचं बोट चुकलं नाही, आणि तिचंही.

आमचा क्रमांक आला नाही. परीक्षकांनी ढोलकीचं कौतुक केलं आणि सांगितलं, हलगी कच्ची आहे. एसटीत बिरूने ते वाक्य परीक्षकांच्या आवाजात वीस वेळा म्हणून दाखवलं. विक्रम खिडकीबाहेर बघत होता. प्रज्ञा त्याला म्हणाली, "म्हयन्यात एवढीच येणार. आमाला शिकायला लय वर्षं दिलीवती." मग सगळेच गायला लागले, हरलेल्या संघाच्या प्रथेप्रमाणे.

दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. 'हलगीच्या कडकडाटाने सभागृह दणाणून सोडणारी प्रज्ञा बनसोडे.' तिने कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. बारकी चूक आहे ताई, फोटो तर छान आलाय, म्हणाला. खुलासा छापून आला नाही. तिच्या वडिलांनी तो अंक घरात येऊ दिला नाही. वस्तीतला एक म्हातारा त्यांना रस्त्यात भेटून विचारून गेला : तुज्या बापानं टाकलेलं तुज्या पोरीनं उचललं म्हणं?

पुढे मी त्याच धंद्यात आले. फोटोओळ कशी लिहिली जाते, ते रोज बघते. नाव कळतं, वाद्य दिसतं, वेळ नसतो. मधली जागा अंदाजाने भरली जाते. तो अंदाज कुणी शिकवत नाही. आडनाव वाचलं की तो तयारच असतो. निकम सरांनी पहिल्या दिवशी ज्या पद्धतीने वाद्यं वाटली, त्याच पद्धतीने बातमीदाराने ती फोटोत परत वाटली. आम्ही चिठ्ठ्या काढून जे मोडलं होतं, ते एका ओळीत पुन्हा जिथल्या तिथे गेलं.

आता ते इतिहासात गेलं होतं. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी भजीला जातं. स्मरणिका ग्रंथालयात राहते.

प्रज्ञा आता पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवते. मी तिला पानाचा फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं : "फोन कुणाला करायचा?"

विद्यापीठातल्या अधिकाऱ्याशी तिचं बोलणं माझ्यासमोर झालं. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, कौतुकच केलंय की तुमचं."

"चुकीच्या माणसाचं केलंय."

"हलगी आपली परंपरा आहे, मॅडम. त्यात कमीपणा काय?"

"कुणाची म्हणालात?"

अधिकाऱ्यांनी परंपरेचा विषय सोडला. मग त्यांनी सांगितलं की ओळी संपादन समितीने लिहिल्या आहेत, आणि त्या फोटोची माहिती निकम सरांनी दिली आहे. सरांनी लेखी कळवलं तर दुरुस्तीचा विचार करता येईल.

निकम सर निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात पेपर वाचत होते. प्रज्ञाला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. पोहे आले. तिने स्मरणिका उघडून पान पुढे ठेवलं.

सर म्हणाले, "बरोबर तर आहे. तूच वाजवलीस."

"मी ढोलकी वाजवली, सर."

"ढोलकी नंतर. सुरुवात हलगीची होती. अजून माझ्या कानात आहे."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सर खोटं बोलत नव्हते. चिठ्ठ्या आठवतात का, विचारलं. आठवत होत्या. हेल्मेट आठवत होतं. सुभेदार आणि त्यांचं पोस्टिंग तर त्यांनी आम्हालाच रंगवून सांगितलं. आणि हे सगळं आठवूनही, शेवटी पडदा उघडल्यावर, हलगी प्रज्ञाच्या हातात. इतक्या वर्षांत त्यांच्या आठवणीने ती हळूच जिच्या घरची तिच्याकडे सरकवली होती.

"एवढं काय धरून बसायचं त्यात?" सर म्हणाले. "चांगलंच लिहिलंय."

"सर, माझ्या आजोबांचं पाणी तोडलं होतं गावानं. हलगी टाकली म्हणून. ते धरून बसले. मी एवढीशी ओळ धरून बसले तर काय मोठं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, तो पोरगा कुठाय? त्याला विचारू.

विक्रम आता फौजेत नायक आहे. तो कुठे आहे ते विचारायचं नसतं. व्हिडिओ लागला नाही, आवाज तुटक येत होता. सरांनी सगळं सांगितलं. विक्रम म्हणाला, "सर, परीक्षकांनी कच्ची म्हणलं ती माझी हलगी. ती तिच्या नावावर कशाला? तिनं वाजवली असती तर नंबरच आला असता."

"न्हाई आला असता," प्रज्ञा म्हणाली. "मला येत न्हाई, इकऱ्या. तूबी तेच बोलायला लागला व्हय?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग सॉरी म्हणाला. मग सरांनी त्याला विचारलं की दुरुस्तीत हलगीपुढे तुझं नाव छापलं तर घरचं काही, म्हणजे काकांचं काही होईल का. आवाज गेला. परत आला तेव्हा एवढंच ऐकू आलं : "रँक लावून छापा."

सरांनी आत जाऊन कागद आणला. दोन ओळी लिहिल्या. खाली सही करायच्या आधी त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मला अजून तुझ्याच हातात दिसते गं." आणि सही केली.

कागद विद्यापीठात पोचला. स्मरणिका नव्याने छापता येणार नाही, असं उत्तर आलं. शिल्लक प्रतींत दुरुस्तीची पट्टी चिकटवू. महाविद्यालयांना गेलेल्या प्रती परत मागवण्याची तरतूद नाही. प्रज्ञाने पट्ट्यांचा गठ्ठा मागून घेतला. त्या कशासाठी, असं तिला विचारलं गेलं. तरतूद करते, ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीआधीचे शनिवार-रविवार ती स्कूटरवरून फिरते आहे. साताऱ्यात काम सोपं गेलं. कऱ्हाडकडे एका ग्रंथपालाने वरून पत्र आणायला सांगितलं, तेव्हा ती वाचनालयात बसून राहिली आणि त्यांनी शेवटी कंटाळून प्रत काढून दिली. आमच्या जुन्या कॉलेजात प्राचार्यांनी तिचा सत्कार करायचं ठरवलं. तिने नारळ घेतला, पण आधी पट्टी लावली. सांगलीत एका ठिकाणी स्मरणिकेचं पाकीटच फोडलेलं नव्हतं. तिने ते फोडायला लावलं. उसाला अजून तुरे यायचे आहेत, रस्त्यावर ट्रॉल्या नाहीत, मोकळे रस्ते आहेत, असं ती फोनवर सांगते. मध्येच पाऊस गाठतो. पट्ट्या डिकीत प्लॅस्टिकमध्ये असतात.

मागच्या शनिवारी ती कवठे महांकाळला आली. मी बरोबर होते. ग्रंथपालांनी पान उघडून ओळ वाचली, पट्टी वाचली, मग तिच्याकडे पाहिलं.

"ह्यातल्या बनसोडे तुमीच का?"

"व्हय."

"आन् हलगी?"

"लिहिलंय की खाली."

तिने छापील ओळीवर पट्टी लावली आणि अंगठ्याने दाबून धरली. पट्टीवर छापलं आहे : 'ढोलकी : प्रज्ञा बनसोडे. हलगी : नायक विक्रम जाधव.' ग्रंथपालांनी पट्टी निघू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारला. शिक्क्याची कड विक्रमच्या नावावरून गेली आहे. दोन्ही नावं वाचता येतात.